व्याह्यांकडचं खत

८ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला मी नुसतं 'हो, हो' म्हणतो, हे तुमच्या लेकीने तुमच्या कानावर घातलंच असेल. म्हणून हे पत्र. शिवाय बातमी अशी आहे की ती फोनवर सांगून वाया घालवायची नाही.

खत झालं. मागच्या खेपेला तुम्ही नाकाला रुमाल लावून गोठ्यामागची गॅसची टाकी बघितली होती, आठवतंय ना? तिच्यात एका बाजूने शेण आणि पाणी जातं आणि वरून स्वयंपाकाला गॅस मिळतो, इथपर्यंत सगळं ठीक. पण गॅस देऊन झाल्यावर मागून जी पातळ मळी बाहेर पडते, तिचं करायचं काय, हा प्रश्न दोन वर्षं माझ्या डोक्यावर बसला होता. ओतली तर चिखल आणि साठवली तर माशा. चिरंजीव म्हणाले, सोडून द्या ओढ्यात. मी म्हटलं, आधी तुला सोडतो. शेवटी युक्ती काढली ती सूनबाईने. मळी जाळीवर निथळायची, वर राहिलेला गाळ भुशात आणि वाळक्या पानांत कालवायचा, त्याचा ढीग घालायचा आणि तो गार पडू लागला की फावड्याने उलथायचा. ढीग आतून असा तापतो की हात ठेववत नाही. थंडीत तर त्यातून वाफा निघतात आणि आमचं कुत्रं त्याला टेकून झोपतं. आता ते चाळून हातात घेतलं तर काळंभोर, भुसभुशीत आणि वास निव्वळ मातीचा.

त्यातली भरपूर पोती तुमच्या रोपवाटिकेसाठी दुधाच्या गाडीवाल्याबरोबर पाठवतोय. पैशाचं नाव काढू नका. गेल्या वर्षी माझ्या कुरणात काटेरी तण माजलं होतं, गाई तोंड लावत नव्हत्या, तेव्हा तुम्ही लेकीबरोबर तणनाशकाचे दोन डबे पाठवले होते. दोन्ही संपवले. काटे गेले, गवत राहिलं आणि गाई खूश आहेत. त्याची ही फेड समजा. घेतली नाहीत तर सूनबाई मला जन्मभर ऐकवेल, आणि तिचं मात्र मला सगळं ऐकू येतं.

तुमचा,
शेणामातीतला व्याही


२० फेब्रुवारी

व्याहीबुवा,

पोती पोचली. गाडीवाला फाटकात उतरवत होता तेव्हा शेजारचा मिशीवाला माळी हजर होताच. कुठे काही उतरलं की त्याला कसं कळतं कोण जाणे. त्याने मूठभर खत हातात घेतलं, चोळलं, हुंगलं आणि म्हणाला, "माल चांगला दिसतोय. पण बाई, नवं खत आहे, आधी चार कुंड्यांत घालून बघा."

मी म्हटलं, "अहो, लेकीच्या सासरहून आलंय ते. तपासून घेऊ? उद्या त्यांच्याकडे जेवायला बसले तर घास हुंगून तोंडात घालू का?" तो मिशीतल्या मिशीत हसला आणि गेला. मी सगळेच्या सगळे ट्रे तुमच्या खतात भरले.

आणि ते वेळेवर आलं म्हणून बरं. बागायतदारांच्या संघाने या वर्षी टोमॅटो, मिरची आणि कोबीची सगळी रोपं माझ्याकडून उचलायचं कबूल केलंय. रोपं मनासारखी निघाली तर यापुढे दर वर्षी माझ्याकडूनच. तसं झालं की मुलाचं तोंड बंद होईल. त्याचं एकच पालुपद चालू आहे, "आई, पुरे झालं, जागेचा करार संपतोय, आता सोड ते आणि आमच्याकडे ये." मुलगा गुणाचा आहे, सूनही. पण त्यांच्या घरात खिडकीशी उभं राहिलं की समोरच्या घराची खिडकी दिसते. हे गेल्यावर ही रोपवाटिका मी एकटीने उभी केली. सकाळी उठून ट्रेवर पाणी मारायचं नसेल तर मी उठू तरी कशाला, असं मला खरंच वाटतं.

लेकीला सांगा, तिच्या हाताचं खत आईच्या ट्रेमध्ये पडलं. माझ्याहून तीच जास्त फुगेल.

तुमची विहीण


१ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र मी गोठ्यात मोठ्याने वाचलं. गाईंनी विशेष मनावर घेतलं नाही, पण मी दोन दिवस छाती काढून फिरत होतो. आमच्या दाराशी कुणी भेटलं की गाडी फिरवून फिरवून खतावर आणतो. सूनबाई म्हणते, बाबा, लोक आता रस्ता बदलायला लागलेत.

ते ताटातल्या घासाचं तुम्ही माळ्याला सुनावलंत, ते मला फार आवडलं. माणसाचा माणसावर विश्वास असावा तो असा. संघाची रोपं निघाली की एक ट्रे उन्हात ठेवून त्याचा फोटो पाठवा. मी तो टाकीवर चिकटवणार आहे.

व्याही


२२ मार्च

व्याहीबुवा,

कसं लिहावं ते कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. रोपं उगवली झकास. टोमॅटोची पहिली दोन पानं सरळ आली. त्यानंतर जे पान येतंय ते आत वळतंय, मूठ मिटावी तसं. शेंडे पिळवटलेत. मिरचीचंही तेच. कोबी मात्र ठणठणीत, जणू काही झालंच नाही. कीड नाही, माशी नाही, मी भिंग घेऊन पानं उलटीपालटी केली.

गैरसमज करून घेऊ नका. खताला मी काही म्हणत नाहीये. मिशीवाला रोज कुंपणावरून बघतो आणि काही बोलत नाही, त्याचा मला जास्त राग येतो. फक्त विचारते, या वेळी ढिगात काही वेगळं पडलं होतं का? संघाची माणसं पुढच्या पंधरवड्यात रोपं बघायला येणार आहेत. माझा जीव टांगणीला लागलाय.

विहीण


२७ मार्च

विहीणबाई,

घाबरू नका. खतात काही नाही. तीनदा उलथलेलं खत आहे, त्यात कसला रोग राहतोय? माझ्या मते पाणी जास्त होतंय. टोमॅटोला पाय ओले ठेवलेले सोसत नाहीत. पाणी कमी करा, ट्रे उघड्यावर काढा, ऊन लागू द्या. कोबी ठणठणीत आहे म्हणता, म्हणजे खत चांगलंच आहे ना? वाईट असतं तर त्याने कोबीला सोडलं असतं का?

इथे सगळं उत्तम. सूनबाई तुमची काळजी करते, तिला मी सांगितलंय की तुझी आई अशी किती वर्षं रोपं काढतेय.

व्याही


९ एप्रिल

व्याहीबुवा,

तुम्ही म्हणालात तसं केलं. पाणी कमी केलं तर रोपं सुकली, वाढवलं तर आणखी पिळवटली. उन्हात काढली, सावलीत नेली. शेवटी हात टेकले. मिशीवाल्याने मला न विचारता एक ट्रे उचलला आणि शेतकी प्रयोगशाळेत नेऊन दिला. तिथल्या बाई स्वतः आल्या. पायात गमबूट, हातात नुसती पिशवी. त्यांनी टोमॅटोचं पान बघितलं, मग कोबीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे तणनाशक आहे."

मी म्हटलं, "मी काही फवारलेलंच नाही."

"तुम्ही नाही. गाईंनी जे खाल्लं त्यावर कुणीतरी फवारलंय. काही औषधं अशी असतात की ती गवताला काही करत नाहीत, गाईलाही करत नाहीत. गाईच्या पोटातून तशीच बाहेर पडतात, गॅसच्या टाकीतून तशीच जातात, ढीग कितीही तापला तरी तशीच राहतात. कोबीलाही फारशी बाधत नाहीत. पण टोमॅटो, मिरची, घेवडा यांच्या मुळाशी पोचली की संपलं."

मी उपाय विचारला. त्या म्हणाल्या, "उपाय नाही. वाट बघायची." किती, म्हटलं. म्हणाल्या, "एक वर्ष, कदाचित दोन. ते मातीवर आहे." बोलल्या फार हळू, आजारी माणसाच्या घरी बोलतात तशा. त्यांचा काय दोष?

संघाची माणसं काल येऊन गेली. ओरडली नाहीत. कोबी उचलली, चहा घेतला आणि बाकीची रोपं दुसरीकडून घेतो म्हणाली. पुढच्या वर्षाचं कुणीच काही बोललं नाही, मीही विचारलं नाही.

बाईंना मी सांगितलं की माझे व्याही असं काही करणाऱ्यातले नाहीत. ढिगात घातलेला भुसा तुम्ही बाहेरून आणता ना? तो ज्याच्याकडून आणता त्याने तर काही फवारलं नसेल?

विहीण


४ मे

विहीणबाई,

उत्तराला फार उशीर झाला. लिहीत होतो आणि फाडत होतो. सूनबाईने केर काढताना तुकडे पाहिले आणि सुपलीत भरून टाकले.

आधी हे सांगतो की मार्चमध्ये मी तुम्हाला 'इथे सगळं उत्तम' लिहिलं ते धादांत खोटं होतं. गोठ्याच्या भिंतीला घेवड्याचा वेल सोडला होता, त्याच्या बुडाशी याच खताच्या दोन पाट्या होत्या. त्याचं पान तेव्हाच आत वळलं होतं. मला वाटलं रोग असेल. खरं म्हणजे तसं वाटून घ्यायचं होतं. सूनबाई उठायच्या आत मी तो वेल उपटला, ढिगात गाडला आणि मग बसून तुम्हाला पाणी कमी करा म्हणून शहाणपण शिकवलं.

आता दुसरं. भुसावाल्याचा काही संबंध नाही. फवारलं मीच. तुमचे ते दोन डबे नव्हेत, ते तर मी उघडलेसुद्धा नाहीत, माळ्यावर तसेच पडून आहेत. मी माझ्या मनाने बाजारातून दुसरंच काहीतरी आणलं, नावही आता आठवत नाही. बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं, ते मी वाचलं नाही. म्हणजे दोष सगळा माझा आहे. तुम्ही यात कुठेही नाही आणि तुमची लेकही नाही. तिला यातलं काही विचारू नका.

काय करू ते सुचत नाही. खत कुणाला देता येत नाही, टाकता येत नाही. तुमच्या त्या बाईंना फोन लावला होता, चिरंजीव मध्ये बसून मला मोठ्याने सांगत होते. त्या म्हणाल्या, ते फक्त गवतावर पसरा. म्हणजे जिथून आलं तिथेच. तेच गवत गाई खाणार, तेच शेण टाकीत जाणार आणि तीच मळी मागून येणार. दर फेरीला थोडं थोडं कमी होतं म्हणे. आणि गाईंना काही सांगता येत नाही. त्या रोज शेण टाकतात, टाकी रोज भरते, मागचं तोंड रोज वाहतं. मी पहाटे उठून ते बघत उभा राहतो. बंद करायला काही नळ नाही त्याला.

तुम्ही इकडे राहायला या. आमचं घर मोठं आहे. मागची खोली उजेडाची आहे.

व्याही


१५ मे

व्याहीबुवा,

पत्र पोचलं. तुम्ही लिहिलंत ते मी मानलं. लेकीलाही तेच सांगितलं आणि तुमच्यावर डोळे वटारू नकोस असंही सांगितलं. हा विषय आता पुन्हा नको.

जागेचा करार पुढे चालवला नाही. कशाच्या जोरावर चालवणार? ट्रेमधली माती कुणाच्याच उपयोगाची नाही. जागामालक म्हणतो, उचलून न्या, पण न्यायची कुठे? शेवटी मिशीवाल्याने त्याच्या हिरवळीवर पसरून घेतली. एका शब्दाने तो 'मी सांगितलं होतं' म्हणाला नाही. गाडा ओढताना मीच त्याला म्हटलं, "बोला की एकदा." तो म्हणाला, "काय बोलू? माझ्या व्याह्यांनी पाठवलं असतं तर मीही सगळं भरलं असतं."

घरी बोलावलंत, बरं वाटलं. पण लेकीच्या घरी मी पाहुणी म्हणूनच बरी. मुलाकडे जातेय. लाकडी मांडण्या विकल्या, पाण्याची झारी तेवढी बरोबर घेतली आहे. सून म्हणाली, आई, तिला इथे काय काम? मी म्हटलं, असू दे.

विहीण


३ ऑक्टोबर

विहीणबाई,

तुम्ही विषय काढू नका म्हणाला होतात आणि मीही वर्षाहून अधिक काळ तो काढला नाही. आज काढतो. रागावलात तर उत्तर देऊ नका.

तेव्हापासून कुरणात मी एक थेंब फवारलेला नाही. काटे पुन्हा आलेत. ते आता हाताने उपटतो, चिरंजीव कुरकुरत मदत करतात. मळीचं खत गवतावरच पसरत राहिलो आणि दर ढिगातून दोन मुठी बाजूला काढत राहिलो. त्या बाईंनी शिकवलं होतं तसं एका कुंडीत नुसती माती आणि एका कुंडीत माती आणि खत, दोन्हींत घेवडा. रोज सकाळी चहाच्या आधी जाऊन बघायचं. खताच्या कुंडीत तिसरं पान वळलेलं दिसायचं आणि माझा दिवस तिथेच संपायचा. किती वेळा लावला, सोडून द्या. सूनबाई म्हणायची, बाबा, आता नका लावू, तुम्हाला झेपत नाही.

गेल्या महिन्यात पान सरळ आलं. मी मानलं नाही. दुसऱ्या ढिगातलं खत घेतलं, पुन्हा लावला. पुन्हा सरळ. परवा तिसरी खेप होती. मी बघायला जायचं टाळत होतो. सूनबाईनेच बघितलं आणि मला गोठ्यातून हाताला धरून ओढत नेलं. दोन्ही कुंड्यांतला घेवडा सारखा होता. ती माझ्या शेजारी बसून रडली. मीही काही कोरडा राहिलो नाही.

बाईंनी पुन्हा तपासून दिलंय, बिनधास्त वापरा म्हणाल्या. आता ते कोणाला द्यायचं? देतो म्हणायला मला तोंड नाही. तरी विचारतो. एक पोतं पाठवू का?

व्याही


१२ ऑक्टोबर

व्याहीबुवा,

घेवडा सरळ आला हे वाचलं. फार आनंद झाला. मग लगेच फार वाईट वाटलं. दोन्ही एकदमच झालं म्हणा ना.

आता मीही एक सांगून टाकते. तुम्हाला खोटं बोलता येत नाही. खत पाठवलंत त्याच पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की दोन्ही डबे संपवले. ते डबे दुकानात उभं राहून निवडले मी. दुकानदाराला एकच विचारलं होतं, "व्याह्यांच्या गाईंना काही होणार नाही ना?" तो म्हणाला, "काही होणार नाही." खरंच बोलला तो. गाईंना कुठे काय झालं?

त्या बाई माझ्यासमोर बोलत होत्या तेव्हाच माझ्या ध्यानात आलं होतं. तरीही तुम्हाला मी भुशाबद्दल विचारलं. तुम्ही ते भुसावाल्यावर ढकलावं आणि मी मोकळी व्हावं, असं मनात होतं. तुम्ही स्वतःवर घेतलंत आणि मी घेऊ दिलं, कारण ते डबे मांडीवर ठेवून तुमच्याकडे आणले ते माझ्या लेकीने. तिला कळू नये असं तुम्हालाही वाटलं आणि मलाही. पण तिला पहिल्या दिवसापासून माहीत असणार, ती काय दुधखुळी आहे? तीही गप्प राहिली. आपण तिघं एकमेकांना जपत बसलो आणि त्याने एक रोप काही वाचलं नाही. एवढ्या प्रेमाने कुणाचं वाटोळं होतं, हे मला अजून कुणाला समजावून सांगता येत नाही.

इथे बरं चाललंय. मुलगा बाहेरून आला की विचारतो, आई, आज काय केलंस? मी म्हणते, काही नाही. तो म्हणतो, छान, आराम कर. समोरच्या खिडकीतल्या बाई आता ओळखीच्या झाल्यात, हात करतात. संघवाले रोपं त्या दुसऱ्याकडूनच घेतात. चांगली असतात म्हणे.

पोतं नको, ठेवायला जागा नाही. एक लहान पिशवी पाठवा. खिडकीत एक कुंडी मावते, सुनेने परवानगी दिली आहे, झारीही आहेच. टोमॅटो लावीन म्हणते. पण व्याहीबुवा, या खेपेला रागावू नका, खत मी तपासून घेणार आहे. आधी एका कुंडीत घालून बघणार आणि मग बाकीच्यांत. बाकीच्या कुंड्या नाहीत, पण तोंडात वाक्य अजून तसंच येतं.

तुमची विहीण